शेड्युल निम्म्यावर आलंय, माणसं धरून कशी ठेवायची?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय, काम कमी झालंय आणि माणसांचं लक्ष उडालंय. त्यातली तीन पत्रं घेतो. पहिल्याला जास्त जागा देतोय कारण त्यात बाकीच्यांचीही बरीच उत्तरं येऊन जातील.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं होतं, आता नऊ सीएनसी, तीन व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आणि २६ माणसं आहेत. टियर वन, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या कंपनीला शाफ्ट आणि हाउसिंग देतो. पाच महिन्यांत शेड्युल, म्हणजे कस्टमरकडून येणारी महिन्याची मागणी, घसरत घसरत निम्म्यावर आलं. ओव्हरटाइम (ओटी) बंद केला, सेकंड शिफ्ट बंद केली. अजून एकालाही काढलेलं नाही आणि पगारातला एक रुपया कापलेला नाही, तरी शॉपवरचं वातावरण बदललंय. मुलं मोबाइलवर असतात, काम कमी असून रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, मात्र वाढलंय, दोन चांगले ऑपरेटर चाकणला निघून गेले. मिसेस म्हणतात सगळ्यांना एक दिवस लोणावळ्याला घेऊन जा, सीए म्हणतात सात जण कमी करा. मी काय करू?

उत्तर : तुम्ही लिहिलंय की पगारातला एक रुपया कापलेला नाही, तिथूनच सुरुवात करू, कारण तुमच्या मुलांच्या घरी असं कुणालाच वाटत नसणार. हिशोब करून बघा. १८ हजार पगाराचा ऑपरेटर, २६ दिवस, आठ तास म्हणजे तासाला साधारण साडेशहाऐंशी रुपये, ओटीला कायद्याने दुप्पट दर आणि महिन्याला ३० तास ओटी धरला तरी पाच हजारांच्या वर जातं. हे पैसे तो वरकमाई म्हणून धरतच नाही, गाडीचा हप्ता, भिशी, मुलाचा क्लास सगळं त्यावरच बेतलेलं असतं. म्हणजे तुमच्या लेखी पगार तसाच आहे आणि त्याच्या घरात पाच महिन्यांपूर्वीच पगारकपात झालीये, आणि त्याबद्दल त्याच्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. ओटी बंदची चिठ्ठी नोटीस बोर्डवर लागली असेल, बस.

आता रिजेक्शनचं. काम कमी तर चुका कमी हे गणित मशीनला लागू होईल, माणसाला होत नाही. मटेरियलचा टेंपो आठवड्यात पाच वेळा यायचा तो आता दोनदा येतो हे तुमच्या आधी तुमच्या स्टोअरच्या मुलाला माहीत असतं. तो चहाच्या वेळी बोलतो, मग प्रत्येक जण मनातल्या मनात यादी करतो की काढायची वेळ आली तर माझा नंबर कितवा. असा माणूस मायक्रोमीटर हातात धरून उभा असतो पण त्याचं डोकं तिथे नसतं. त्यात तुम्ही सीए सोबत केबिनचं दार लावून दोन तास बसलात, की दार उघडायच्या आत शॉपवर सात नाही दहा नावं ठरलेली असतात.

म्हणून पहिलं काम, बोला. आणि तुम्ही स्वतः बोला, सुपरवायझरकरवी निरोप नको. गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी शिफ्ट सुरू होताना वीस मिनिटं मशीन बंद ठेवा आणि सगळ्यांना एकत्र उभं करा, केबिनमध्ये बोलवू नका, शॉपवरच. मागच्या सहा महिन्यांचं शेड्युल आकड्यांत सांगा. पुढच्या महिन्याचं कस्टमरने काय कळवलंय ते सांगा. किती महिन्यांचे पगार आज हातात आहेत तेही सांगा, हे सांगताना जीभ अडखळेल, मालक लोकांना वाटतं हे सांगितलं तर सगळे पळतील. माझा अनुभव उलटा आहे. पळतात ते आकडा न कळल्यामुळे, कारण मग जो तो स्वतःच्या मनाने आकडा बनवतो आणि तो खऱ्यापेक्षा वाईटच असतो.

आणि उतरणीचा क्रम सांगा. म्हणजे परिस्थिती आणखी बिघडली तर आधी काय जाईल आणि शेवटी काय. आधी तुमचं स्वतःचं ड्रॉइंग, म्हणजे धंद्यातून घरासाठी उचलता ते पैसे, मग नवीन मशीनची खरेदी, मग ऑफिस स्टाफच्या पगारातला काही भाग, मग सगळ्यांचे कामाचे दिवस, आणि या सगळ्याच्या नंतर कुणाची नोकरी. हा क्रम बोर्डवर लिहून लावा. "कुणालाच काढणार नाही" असं मात्र बोलू नका जर ते निभावता येणार नसेल तर. त्यापेक्षा तारीख द्या, अमुक तारखेपर्यंत कुणाच्याही नोकरीला हात लागणार नाही, आणि त्या तारखेच्या आधी पंधरा दिवस पुन्हा इथेच उभा राहून पुढचं सांगेन. ती तारीख पाळली की तुमचा पुढचा शब्दही ऐकला जातो.

हे एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः हे चुकवलेलं आहे. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा आम्हाला वाटलं ते शेअरबाजारवाल्यांचं प्रकरण आहे, मी चिंचवडच्या एका युनिटमध्ये वर्क्स मॅनेजर होतो. दिवाळीनंतर शेड्युल पडायला लागलं आणि जानेवारी २००९ मध्ये वरून आदेश आला की ११ जण कमी करा. मी ते एका बुधवारी संध्याकाळी केलं, शिफ्ट सुटताना, एकेकाला बोलावून पाकीट दिलं, दुसऱ्या दिवशी गुरुवार म्हणजे सुट्टी, मला वाटलं होतं एक दिवस मध्ये गेला की शुक्रवारी बाकीचे शांत होतील. शुक्रवारी कुणीच काही बोललं नाही. मी त्या शांततेला समजूतदारपणा समजलो. दोन आठवड्यांत आमचा सगळ्यात चांगला सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवून देणारा, राजीनामा देऊन गेला, त्याला कुणी काढणार नव्हतं, उलट तो शेवटचा माणूस होता ज्याला आम्ही काढलं असतं, पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, पाकीट मिळायची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं." आणि बाजार किती लवकर फिरला बघा, २००९-१० या आर्थिक वर्षात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. आमच्याकडे ऑर्डर होती, मशीन होत्या, सेटिंग करणारे हात नव्हते. नवीन मुलांना शिकवण्यात आणि त्यांनी केलेल्या स्क्रॅपमध्ये जे गेलं ते त्या ११ जणांच्या पगारापेक्षा जास्त होतं, मी नंतर बसून मांडलं होतं.

२०१९ ला परत मंदी आली, जुलैमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ ३१ टक्क्यांनी खाली होती, मोठ्या कंपन्या ब्लॉक क्लोजर घेत होत्या, म्हणजे प्लांट सलग काही दिवस बंद ठेवत होत्या, तेव्हा मी दुसऱ्या ठिकाणी होतो आणि वर लिहिलंय तसंच केलं. त्रास झाला नाही असं नाही, पण माणसं राहिली.

दुसरं काम, हातांना खरं काम द्या. मोबाइलची तक्रार करताय ना, मशीन बंद असताना माणसाने बघायचं काय? फरशी तिसऱ्यांदा पुसायला लावली की त्याला कळतं हा टाइमपास आहे, आणि त्याने तो आणखी खचतो. खरं काम म्हणजे ज्याचा उपयोग ऑर्डर परत आल्यावर होणार आहे. सेटिंग बदलायला तुमच्याकडे किती वेळ लागतो? दीड तास लागत असेल तर दोन ऑपरेटर आणि एक सेटर यांना घेऊन व्हिडिओ काढा, कुठे पाना शोधण्यात वेळ जातो, कुठे फिक्श्चर उचलायला कुणाची तरी वाट बघावी लागते, आणि त्यांनाच तो निम्म्यावर आणायला सांगा. कामाच्या घाईत हे कधीच होत नाही. तसंच शिकणं. भिंतीवर तक्ता लावा, उभ्या रकान्यात नावं आणि आडव्यात कामं, लेथ, व्हीएमसी, सेटिंग, इन्स्पेक्शन, ड्रॉइंग वाचणं, प्रोग्रॅममध्ये ऑफसेट देणं. ज्याला जे येतं तिथे खूण करा. मग पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येकाने एक नवीन रकाना भरायचा आणि शिकवणारा तुमचाच सेटर. त्याला शिकवण्याचे महिन्याला पाचशे रुपये द्या, रक्कम लहान आहे, पण मंदीत कुणाचे तरी पैसे वाढलेत आणि ते शिकवण्यासाठी वाढलेत ही गोष्ट शॉपवर बरोब्बर पोचते.

टोयोटाने २००८ मध्ये हेच केलं होतं, पेट्रोल महागल्याने मोठ्या गाड्यांचा खप कोसळला तेव्हा अमेरिकेतल्या टेक्सास आणि इंडियाना इथल्या प्लांटमध्ये जवळपास तीन महिने प्रॉडक्शन थांबवलं, पण कायम कामगारांना घरी न पाठवता ट्रेनिंग आणि कायझेनला, म्हणजे कामातल्या छोट्या छोट्या सुधारणांना लावलं. लोक म्हणतील ती टोयोटा, आपण कुठे. पण त्याच टोयोटात १९५० मध्ये पैशाअभावी दीड हजाराहून जास्त लोकांना जावं लागलं होतं, मोठा संप झाला, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. तो घाव बसलेली कंपनी आहे ती, म्हणून पुढे तसं वागली असं मला वाटतं.

एक गोष्ट जपून करा. बरेच जण म्हणतात बाहेर दिलेला जॉबवर्क आत घ्या म्हणजे आपल्या माणसांना काम. बरोबर आहे, पण बाहेर डिबरिंग करणारं कुणी असतं, घराच्या पुढच्या खोलीत चार बायका बसून बर, म्हणजे जॉबच्या कडेला राहिलेली धातूची कूस, काढतात, तुमचं काम बंद झालं की त्यांचं सगळंच बंद. आत घ्यायचंच असेल तर मोठ्या व्हेंडरकडचं घ्या.

तिसरं, दिवस कमी करायची वेळ आलीच तर सगळ्यांचे करा, काहींचे नको. जर्मनीत याला कुर्त्सआरबाइट म्हणतात, कंपनी कामाचे तास कमी करते आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के भाग सरकारी विम्यातून मिळतो. २००९ मध्ये एक वेळ अशी होती की तिथे १४-१५ लाख लोक या योजनेत होते, आणि मंदी सरल्यावर कंपन्यांकडे तीच माणसं तयार होती. आपल्याकडे मालकाच्या मागे असं कुणी उभं नाही, म्हणून भार वाटून घेताना तो वरून खाली कमी होत गेला पाहिजे. तुम्ही ४० टक्के सोडा, मॅनेजर १५-२०, ऑपरेटरच्या बाबतीत आठवड्याला एक दिवस, तोही शेवटी. किमान वेतनाच्या खाली सहमतीनेही जाता येत नाही हे लक्षात ठेवा. जे ठरेल ते लेखी, सह्यांनिशी, आणि पगार पूर्ववत कधी किंवा कोणत्या आकड्याला होणार ते त्याच कागदावर, म्हणजे उदाहरणार्थ शेड्युल सलग दोन महिने ७५ टक्क्यांवर आलं की. ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याच्या, ५० टक्के भरपाईचं कलम ५० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना आहे, तुमच्याकडे २६ आहेत, पण याचा अर्थ बिनपगारी घरी बसवायची मोकळीक मिळाली असा काढू नका, लेबर कन्सल्टंटला कागद दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि सीएंच्या सात जणांचा खर्चही सीएंनाच मांडायला सांगा, एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, झालेल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, शिवाय पाच वर्षं झालेल्यांची ग्रॅच्युइटी, आणि नंतर नवीन माणूस तयार करायचे सहा-आठ महिने. हे सगळं बेरजेत घेतलं की सात जणांची बचत बरीच आक्रसते.

पगाराची तारीख मात्र चुकवू नका. सात तारखेला पगार झाला नाही तर वरचं सगळं बोलणं वाया. त्यासाठी तुमची बिलं वेळेत यायला हवीत. उद्यम नोंदणी आहे ना? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन खरेदीदारावर आहे, आणि आता तर वेळेत दिले नाहीत तर त्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये वजा मिळत नाही, त्यामुळे टियर वनच्या अकाउंट्सवाल्यांशी बोलताना उगाच नमतं घेऊ नका. ट्रेड्स (TReDS) या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर बिल डिस्काउंट करून पैसे आधी मिळवता येतात का तेही बघा.

लोणावळ्याचं म्हणाल तर मिसेसच्या मनातली भावना खरी आहे, पण आत्ता नको. नोकरी राहील की नाही माहीत नसलेल्या माणसाला सहलीच्या बसमध्ये बसवलं की तो दिवसभर खर्च मोजत बसतो. त्याच पैशात सगळ्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचं बघा.

प्रश्न : हिंजवडीतल्या ३०० लोकांच्या आयटी कंपनीत मी एचआरमध्ये आहे. एक मोठा क्लायंट गेला, ४० जण बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून आहेत, इन्क्रिमेंट पुढे ढकललंय. मॅनेजमेंटने मला एंगेजमेंट वाढवायला सांगितलंय, म्हणजे फन फ्रायडे, क्विझ, सर्व्हे. लोक येतात, हसतात, परत जातात. सर्व्हेत मात्र सगळं छान लिहितात. मला हे खोटं वाटतं.

उत्तर : तुम्हाला बरोबर वाटतंय. ज्या महिन्यात लोक घाबरलेले असतात त्या महिन्यात सर्व्हे छानच येतो, कारण नाव गुप्त राहील यावर कुणाचा विश्वास नसतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून तर बेंच हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो, घराचा २५ वर्षांचा हप्ता चालू असलेल्यांना जास्तच.

फन फ्रायडे थांबवा, तो तास टीम लीडरना द्या. प्रत्येकाने आपल्या आठ-दहा जणांशी दर पंधरा दिवसांनी एकेकट्याने अर्धा तास बोलायचं, आणि आधी तुम्ही त्या लीडरना खरी माहिती द्यायची, कारण त्यांनाच काही माहीत नसेल तर ते बिचारे बोलणार काय, आणि कंपनीच्या बातम्या सगळ्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवरच कळत राहणार. इन्क्रिमेंट ढकललंय तर कधीपर्यंत आणि थकबाकीसह मिळणार की नाही हे लेखी द्या. उत्तर "नाही" असलं तरी द्या. बेंचवरच्या ४० जणांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येकासमोर कोणत्या प्रोजेक्टसाठी काय शिकायचं, किती आठवड्यांत, आणि नाही जमलं तर काय, हे लिहा आणि त्याला दाखवा. सर्वांना एकच ऑनलाइन कोर्स चिकटवणं म्हणजे बेंचचा वेळ भरणं झालं.

आणि कुणाला जायला सांगावं लागलंच तर जबरदस्तीने राजीनामा लिहून घेऊ नका. नोटीसचा पगार, रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र वेळेवर द्या, शेवटच्या दिवशी लॅपटॉप काढून घेऊन सिक्युरिटीसोबत गेटपर्यंत सोडणं हे तर अजिबात नको. राहिलेले लोक खिडकीतून तेच बघत असतात आणि आपल्या वेळी काय होईल ते त्यावरून ठरवतात.

प्रश्न : रांजणगावच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. माझ्याखाली १४ मुलं, त्यातली ९ ठेकेदाराची. मालक मला काही सांगत नाहीत आणि मुलं रोज मलाच विचारतात, दादा, आमचं काय? मी "काही होणार नाही" म्हणतो, पण रात्री झोप लागत नाही. ऐकलंय की पुढच्या महिन्यात ठेकेदाराची मुलं कमी करणार.

उत्तर : "काही होणार नाही" हे आजपासून बंद करा. तुम्ही ते मायेने म्हणता हे कळतं मला, पण उद्या तसं झालं तर त्या मुलांचा तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि उरलेली पाच मुलं तुमचं कधीच खरं मानणार नाहीत. एवढंच म्हणा, "मला अजून काही सांगितलेलं नाही, मी शुक्रवारपर्यंत विचारून येतो," आणि खरंच विचारा. मालकांसमोर जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, असं सांगा की मुलांना काय सांगायचं ते मला माहीत नसेल तर मी लाइन चालवू शकत नाही. बहुतेक मालकांना सुपरवायझरची ही अडचण माहीतच नसते.

ठेकेदाराच्या मुलांचं माझ्या मनाला जास्त लागतं. प्रत्येक मंदीत पहिली तीच जातात, आणि बहुतेक वेळा त्यांना आदल्या संध्याकाळी कळतं. बीड, लातूर, नांदेडची नाहीतर बिहार-यूपीची, पाच-सहा जण एका खोलीत राहतात, खोलीचं डिपॉझिट घरमालकाकडे अडकलेलं. एक महिना आधी कळलं तर दुसरीकडे बघता येतं, डिपॉझिट वळतं करता येतं, गावी पेरणीच्या किंवा काढणीच्या वेळेला जाता येतं. म्हणून मालकांकडे एकच मागणी करा, काढायचंच असेल तर महिनाभर आधी सांगायची परवानगी द्या.

आणि ते जाण्यापूर्वी एक-एक कागद तुम्ही स्वतः बघा, ठेकेदारावर सोडू नका. पीएफचा यूएएन नंबर त्याला पाठ आहे का, आधार जोडलेलं आहे का, ठेकेदाराने पीएफ खरंच भरलाय का ते त्याच्या मोबाइलवर पासबुक उघडून दाखवा, नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकून घ्या, ती नसली की पैसे काढताना मुलं हेलपाटे घालत बसतात. ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून एक आहे, नोकरी गेल्यावर सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के ९० दिवसांपर्यंत, तिच्या अटी आहेत आणि मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा ईएसआयसीच्या ऑफिसला एक चक्कर मारून सध्या काय आहे ते विचारून घ्या. हे त्या मुलांना दुसरं कुणीही सांगणार नाही.

शेवटचं, प्रत्येकाचा नंबर वहीत लिहून घ्या, त्याचा स्वतःचा आणि घरच्यांचाही. ऑर्डर परत आल्या की पहिला फोन त्यांना करा. वर ज्या ११ जणांबद्दल लिहिलंय त्यांना मी २०१० मध्ये फोन केले होते. चौघांचे नंबर बंद लागले, आणि मी घरचा नंबर कुणाचाच घेतला नव्हता.